पिलाचे डोळे आणि फडताळातली बाटली

मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, बैल यांचा तेथे मोठा बाजार असतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे या यात्रेला गेले असतील त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. बैल घेणारा शेतकरी आधी किंमत विचारीत नाही. तो बैलाचे दात पाहून वय ठरवतो, त्याला चार पावले चालवून खूर पाहतो, आणि मग समोर उभा राहून डोळे पाहतो. डोळ्यांतून पाणी गळत असेल तर व्यवहार तेथेच थांबतो. लालकंधारी ही गाई-बैलांची जात आपल्या कंधारची, आणि देवणी ही लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. असल्या जाती ज्या मुलखात घडल्या, तेथल्या माणसांना जनावराचे डोळे वाचता येतात यात नवल नाही.

पण ही पारखी नजर बैलापाशीच संपते. माळवदावर, कडब्याच्या गंजीत किंवा जिन्याखालच्या खोक्यात मांजरीने पिले घातली आणि त्यांतल्या एकाचे डोळे चिकटले, तर त्याच घरात काय बोलले जाते? "मांजराच्या पिलाचे डोळे येतातच. चाटून चाटून त्याची आई बरे करील." दुसरे कोणी म्हणते, "मांजराला कशाला ढोरांच्या दवाखान्यात न्यायचे? लोक हसतील." आणि तिसरे कोणीतरी, अगदी चांगल्या हेतूने, फडताळ उघडून माणसाच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची उरलेली बाटली काढते.

या तिसऱ्या माणसाबद्दल मला आज लिहायचे आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो, पशुवैद्य नाही. पण आधी मोजावे आणि मग करावे, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम आहे. पिलाच्या डोळ्यांच्या बाबतीत हा नियम मोडला तर काय होते ते तुमच्यासमोर ठेवावे असे वाटले.

डोळे कधी उघडतात?

आपल्याकडे एक समजूत आहे की मांजरीने पिलांना सात घरे फिरवल्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत. मांजरी पिलांना मानगुटीला धरून जागा बदलते हे खरे. धोका वाटला, जागा ओली झाली, माणसांनी फार हाताळले की ती नवी जागा शोधते. आणि याच दिवसांत पिलांचे डोळेही उघडतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. जिची पिले एकाच खोक्यात राहतात, तिच्याही पिलांचे डोळे जन्मानंतर सुमारे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तुमच्या घरी पिले असतील तर तारीख लिहून ठेवा आणि स्वतःच पडताळून पाहा.

तोपर्यंत पापण्या एकमेकींना जुळलेल्या असतात. त्या बोटांनी उघडू नयेत. मात्र डोळे उघडण्याआधीच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला, किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पिवळसर पू डोकावू लागला, तर समजावे की बंद पापणीच्या आत जंतुसंसर्ग झाला आहे. बाहेर पडायला वाट नसल्याने तो पू डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर साचून राहतो. अशा वेळी "अजून डोळे उघडायचे आहेत, थांबू या" म्हणणे चुकीचे. त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. ते पापण्या हळुवारपणे मोकळ्या करून आतला पू धुऊन काढतात.

चिपड म्हणजे काय?

निरोगी डोळ्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. पापणीची प्रत्येक उघडझाप तो नव्याने सारवते. या अश्रूंचे पाणी आतल्या कोपऱ्यात वाळले की तपकिरी रंगाचा लहानसा खडा तयार होतो. डोळा टक्क उघडा असेल, चकचकीत असेल आणि सकाळी एवढाच एक कोरडा खडा सापडत असेल, तर काळजीचे कारण नाही. आपल्याही डोळ्यांत सकाळी तो असतो.

डोळ्यांतून स्वच्छ पाणी वाहू लागले तर डोळ्याला काहीतरी टोचते आहे किंवा आजाराची सुरुवात आहे असे समजावे. धूळ, चुलीचा धूर, कडब्याचे कुसळ ही कारणे आपल्याकडे नेहमीची. पाण्याऐवजी दाट, पिवळा किंवा हिरवट पू येऊ लागला, पापण्या चिकटू लागल्या, तर जिवाणूंचा हात आहे असे मानावे.

पिलांच्या डोळ्यांच्या आजाराला बहुतेक वेळा विषाणूंपासून सुरुवात होते. त्यांतला मुख्य म्हणजे मांजरांचा हर्पीस विषाणू. १९५८ साली क्रँडेल आणि मॉरर या अमेरिकी संशोधकांनी तो प्रथम वेगळा केला. दुसरा कॅलिसी विषाणू. यांच्या जोडीला क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा हे जिवाणूही असतात. विषाणूमुळे पिलू शिंकते, नाक वाहते, डोळे लाल होतात; मग त्या दुखऱ्या डोळ्यांत जिवाणू घर करतात आणि पू होतो. म्हणजे आपल्याला दिसणारा पू हा गोष्टीचा शेवटचा भाग असतो, सुरुवात नव्हे. हर्पीस विषाणूने तर पारदर्शक पडद्यावर व्रणही पडतात, आणि हे व्रण नुसत्या नजरेला बहुधा दिसत नाहीत.

या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. मांजराचे पारपटल सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे असते; म्हणजे तुमच्या वहीची पाच-सहा पाने एकावर एक ठेवली तर होईल तेवढे. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते काचेसारखे स्वच्छ राहते. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. प्रकाशाचे वक्रीभवन शिकताना आपण भिंगाचा उदोउदो करतो. पण आपल्या डोळ्यात प्रकाशकिरण वळवण्याचे जवळजवळ दोन तृतीयांश काम या पडद्याच्या पृष्ठभागावरच होते. त्यावर खोल व्रण पडून वण राहिला तर तेथे प्रकाश सरळ आत न जाता विखुरतो. घासलेल्या काचेतून पाहावे तसे दिसते, आणि ते आयुष्यभर.

पिलू म्हणजे लहान मांजर नव्हे

मोठे मांजर आठवडाभर शिंकत, डोळे चोळत फिरते आणि पुष्कळदा बरेही होते. म्हणून पिलूही होईल असे आपण धरतो. येथे थोडे गणित करू.

जन्मलेल्या पिलाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. आई ४ किलोची धरली, तर ती पिलापेक्षा ४० पट जड. ४० चे घनमूळ सुमारे ३.४ येते. याचा अर्थ आई लांबी-रुंदीने पिलाच्या साधारण ३.४ पट आहे. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते आणि त्वचेचे क्षेत्रफळ वर्गाप्रमाणे. त्यामुळे दर ग्रॅम वजनामागे पिलाची त्वचा आईच्या ३.४ पट भरते. त्या प्रमाणात ते उष्णता आणि पाणी लवकर गमावते. शिवाय साठवलेली चरबी नाहीच. एक दिवस उपाशी राहणे मोठ्या मांजराला सोसते. पिलाला एक दिवस फार मोठा असतो.

आता यात नाक चोंदण्याची भर घाला. मांजर वासावर जेवते. नाक बंद झाले की पिलाला वास येत नाही, वास आला नाही की ते खात नाही, आणि खाल्ले नाही की आजाराशी झुंजायला बळ उरत नाही. डोळ्यांचा पू पाहून जी काळजी वाटते, ती केवळ डोळ्यांची नसते. पिलाचा जीवच त्या साखळीत अडकलेला असतो. म्हणून "बघू चार-आठ दिवस" हे माप पिलाला लागू पडत नाही. त्याचे माप तासांत आणि एखाद्या दिवसात करावे लागते.

उरलेल्या औषधाची गोष्ट

माझ्या ओळखीच्या एका घरी पाच आठवड्यांच्या पिलाचा एक डोळा चिकटू लागला. घरात आठवीत शिकणारी मुलगी. तिचा त्या पिलावर फार जीव. त्याच घरात काही महिन्यांपूर्वी आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यांच्या थेंबांची बाटली फडताळात उरली होती. आजोबांचा डोळा या औषधाने निवळला, तर पिलाचा का निवळू नये? विचार तर्काला सोडून नव्हता. दिवसातून तीन वेळा थेंब सुरू झाले. दोन दिवसांत डोळ्याची लाली खरोखरच उतरली. सगळ्यांना बरे वाटले.

पाचव्या दिवशी डोळ्यावर निळसर-पांढरा ढग दिसू लागला. पिलू डोळा उघडेना. पशुवैद्याकडे नेले तेव्हा पारपटलावरचा व्रण आरपार गेला होता. डोळा काढावा लागला. पिलू वाचले, आज ते एका डोळ्याचे मोठे मांजर आहे आणि घरातले उंदीर बरोबर पकडते. त्या मुलीला मात्र अजून वाटते की आपण आणखी थेंब घालायला हवे होते. तिला दोष देण्यासारखे काही नाही. बाटलीत काय आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाटलीत काय होते? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून जे थेंब देतात त्यांत बहुधा स्टेरॉईड असते. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेली सापडतील. स्टेरॉईड सूज व लाली दाबते. ज्या डोळ्यावर वैद्याचे लक्ष आहे, तेथे हे उपकारकच. पण शरीराची जी यंत्रणा सूज आणते, तीच जखम भरून काढते आणि जंतूंशी लढते. ती दाबली की व्रण भरून येणे मंदावते, पारपटलाचे तंतू विरघळू लागतात आणि हर्पीस विषाणूला मोकळे रान मिळते. तापलेल्या पाण्यातून तापमापी काढून घेतली तर पारा उतरतो. पाणी निवत नाही. लाली उतरली तेव्हा या घरात नेमके हेच झाले होते.

असे थेंब आज पुष्कळ घरांत आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. तेव्हा घरोघरी बाटल्या आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही आता गावोगावच्या लोकांना मिळू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण काम संपल्यावर ती बाटली फडताळात राहते, आणि पुढच्या दुखऱ्या डोळ्याची वाट पाहते. तो डोळा माणसाचा असो की पिलाचा.

व्रण कसा पाहतात?

मग पशुवैद्य वेगळे काय करतात? ते थेंब घालण्यापूर्वी तपासतात. ही तपासणी भौतिकशास्त्राचा एक सुंदर प्रयोग आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो.

१८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दाखवले की काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि दुसऱ्या, अधिक तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. वहीत खुणा करायचे पिवळे झगझगीत पेन याच गुणामुळे डोळ्यांत भरते. पुढे १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसीन नावाचा रंग तयार केला. हा रंग निळा प्रकाश शोषतो आणि हिरवा प्रकाश देतो, तोही इतका तेजस्वी की अत्यल्प रंगसुद्धा ओळखू येतो. १८७७ साली डॅन्यूब नदीचे पाणी जेथे जमिनीत मुरते तेथे या रंगाचे सुमारे १० किलो द्रावणात ओतले गेले. सुमारे ६० तासांनी, १२ किलोमीटरवरच्या एका झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. नदीची भूमिगत वाट अशी उघडी पडली.

तोच रंग आज पिलाच्या डोळ्यातली लपलेली जखम उघडी करतो. पारपटलाचा सर्वांत बाहेरचा थर धड असेल तर हा पाण्यात विरघळणारा रंग त्यात शिरत नाही. धुतला की निघून जातो. व्रण असेल तर रंग खालच्या थरात मुरतो. मग निळा प्रकाश टाकला की नेमका तेवढाच भाग हिरवा दिसतो. पशुवैद्य रंग लावलेली एक लहान कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, डोळा धुतात आणि पाहतात. सारे काम दोन-तीन मिनिटांचे. हिरवा ठिपका दिसला तर स्टेरॉईड वर्ज्य. तो ठिपका केवढा, केवढा खोल, यावर पुढचे उपचार ठरतात.

हा प्रयोग घरी करण्याचा नाही. पण यातले तत्त्व घरी न्यावे असे आहे. एकाच रंगाचा पू असलेले दोन डोळे आतून अगदी निराळे असू शकतात. एकाला जे औषध तारते ते दुसऱ्याला मारते. आणि हा फरक तुमच्या-माझ्या नुसत्या नजरेला दिसत नाही.

जायचे केव्हा?

पशुवैद्याकडे केव्हा जावे याचे तीन भाग मी करतो.

त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर जावे अशा खुणा या: बंद पापणीखाली फुगवटा, पिलू डोळा अर्धा मिटून धरते किंवा उघडतच नाही, डोळ्यावर ढगाळ, निळसर किंवा पांढरा डाग, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे, रक्त, मार किंवा ओरखडा, आणि डोळा कसाही असो, पिलाने खाणे-पिणे सोडले, ते निपचित पडले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागले.

एका दिवसाच्या आत जावे अशा खुणा या: पिवळा किंवा हिरवट पू, पापण्या पुन्हा पुन्हा चिकटणे, डोळ्यांबरोबर शिंका व वाहते नाक, आतल्या कोपऱ्यातून वर आलेला गुलाबी-पांढरा पडदा, म्हणजे मांजराची तिसरी पापणी, अर्ध्या डोळ्यावर तसाच राहणे, एकाच वेतातल्या दुसऱ्या पिलाचेही डोळे येणे.

पिलू खेळते आहे, खाते आहे, डोळा पूर्ण उघडा आहे आणि केवळ थोडे स्वच्छ पाणी येते, तर डोळा पुसून एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी थांबले नाही, तर जावे.

या एका दिवसात पुसण्याचे काम कसे करावे? पाणी उकळून कोमट होऊ द्यावे. हात साबणाने धुवावेत. स्वच्छ कापूस त्यात भिजवून मिटलेल्या पापणीवर मिनिटभर धरावा, म्हणजे वाळलेले चिपड मऊ होते. मग आतल्या कोपऱ्याकडून बाहेर हलकेच पुसावे. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा आणि वापरलेला टाकून द्यावा. वाळलेले चिपड ओढून काढू नये. तुरटी, बोरिक पावडर, हळद, मध, काजळ, चहाचे पाणी, एरंडेल यांतले काहीही डोळ्यात घालू नये. अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्यावर किती तीव्रतेचे द्रावण पडते आहे हे घरी मोजता येत नाही, आणि त्यात जंतू नाहीत याची खात्री देता येत नाही.

तापासाठी माणसाची गोळी तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. त्यामुळे आपल्याला साधी वाटणारी ही गोळी मांजराचा जीव घेते.

आणखी एक साधन वापरा, ते म्हणजे तराजू. स्वयंपाकघरातला किंवा किराणा दुकानातला काटा पुरे. रिकामे टोपले ठेवून काटा शून्यावर आणा आणि पिलाला त्यात ठेवा. रोज एकाच वेळी वजन घ्या. निरोगी पिलाचे वजन दिवसाला सुमारे १० ते १५ ग्रॅम वाढते. वाढ थांबली किंवा वजन घटले तर आजार आत शिरला आहे. पुष्कळदा हा आकडा डोळ्यांच्या आधी सांगून जातो. पशुवैद्याला "थोडे अशक्त वाटते" असे सांगण्यापेक्षा तीन दिवसांचे आकडे दाखवणे कितीतरी उपयोगाचे.

लोक हसतील!

आता हसणाऱ्यांबद्दल. पशुवैद्यकीय दवाखाने आपल्याकडे गाई-बैलांसाठी उभे राहिले, हे खरे आहे. शेती त्यांच्यावर चालत होती. पण तेथल्या पशुवैद्याचे शिक्षण एकट्या बैलाचे नसते. कुत्री-मांजरेही त्यांच्या अभ्यासक्रमात असतात. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. मराठवाड्यात परभणीला १९७२ मध्ये आणि आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ मध्ये अशी महाविद्यालये निघाली. आज ती नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग आहेत आणि त्यांना जोडून जनावरांची रुग्णालये आहेत. तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असतो. नांदेड आणि लातूर शहरांत खाजगी पशुवैद्यही आहेत. भोके पाडलेल्या खोक्यात जुन्या लुगड्याची घडी घालून पिलू नेता येते. दवाखान्यात रांगेत म्हशीच्या मागे तुमचे खोके असले म्हणून काही बिघडत नाही.

काही जण म्हणतील, रस्त्यावर कितीतरी पिले मरतात, निसर्गच निवड करतो, एका पिलासाठी एवढे कशाला? त्यांना माझे उत्तर साधे आहे. प्रत्येक पिलू आपल्या हातून वाचणार नाही. पण ज्या पिलाला आपण दूध दिले, नाव दिले, ज्याच्या डोळ्यात आपण आपल्या हाताने थेंब घालायला निघालो, त्याच्या बाबतीत निसर्गाचे नाव पुढे करता येत नाही. आपण हात घातलाच आहे. तर तो समजून घालावा. आणि खर्चाचे म्हणाल तर वेळेवर झालेली तपासणी डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

याहून स्वस्त उपाय लसीचा. हर्पीस, कॅलिसी आणि मांजरांचा जीवघेणा पॅनल्यूकोपेनिया या तिन्हींवर एकत्रित लस मिळते. पिलू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की ती सुरू करतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. हर्पीस एकदा शरीरात शिरला की तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि मांजरावर ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. लसीने तो पूर्ण टळेलच असे नाही, पण आजाराचा जोर पुष्कळ कमी होतो.

तुमच्या स्वतःच्या काळजीचेही दोन शब्द. मांजरांचे हे विषाणू माणसाला लागत नाहीत. क्लॅमिडिया क्वचित लागू शकतो. म्हणून पिलाचे डोळे पुसल्यावर हात साबणाने धुवा आणि ते हात आपल्या डोळ्यांना लावू नका. दुखऱ्या डोळ्याचे पिलू घाबरून चावले किंवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस घ्यायची की नाही हे तेथले डॉक्टर ठरवतील. मार बसेल या भीतीने ही गोष्ट लपवू नका.

शेवटी तुमच्यासाठी एक काम, ज्याला मांजर असण्याचीही गरज नाही. आज घरातले फडताळ उघडा आणि डोळ्यांच्या औषधाच्या जेवढ्या बाटल्या सापडतील तेवढ्या मोठ्या माणसांसमोर मांडा. कोणती कधी फोडली ते विचारा. डोळ्यांचे थेंब एकदा फोडले की साधारणपणे महिनाभरात टाकून द्यायचे असतात, कारण उघड्या बाटलीत जंतू वाढू शकतात. ज्यांची मुदत गेली ती टाकायला लावा. जी चालू आहे तिच्यावर कागदाची चिठ्ठी डकवा आणि तीन गोष्टी लिहा: कोणासाठी, कशासाठी, कधी फोडली. उद्या कोणाचाही डोळा लाल झाला, तर ती चिठ्ठी वाचूनच हात थांबेल.